पहिलं पान कोणत्या ट्रेमधून?

पिरंगुटच्या झेरॉक्सच्या दुकानात दोन तऱ्हेची माणसं येतात. एक कंपन्यांमधली. त्यांना ए-थ्रीवर ड्रॉइंग हवं असतं, ए-फोरवर चलन हवं असतं, आणि बाहेर टेम्पो चालूच असतो. दुसरी पौडच्या तहसील कचेरीकडे निघालेली. त्यांना सात-बारा हवा असतो, नाहीतर संमतिपत्र, भाडेकरार, वाटणीचा कागद. ही लिगलवाली मंडळी. त्यांना घाई नसते, पण शंका फार असतात. हे दोन्ही मुलूख एकाच प्रिंटरच्या पोटात नांदवायचे असतात आणि ते काम दुकानातली ताई करते. प्रिंटर नुसता आवाज करतो.

खरी परीक्षा करारनाम्याच्या पहिल्या पानाची. ते स्टॅम्पपेपरवर आणि पुढची पानं हिरवट लेजर पेपरवर. २०२४ च्या ऑक्टोबरपासून अशा कामांना १०० चा स्टॅम्प चालेनासा झाला, कमीत कमी ५०० चा लागतो. म्हणजे चुकीची किंमतही पाचपट झाली. त्यातून वरचा बराच भाग सरकारने नक्षीने आधीच भरलेला, त्यामुळे मजकूर त्याच्या खाली सुरू व्हायला हवा. वर्डमध्ये पेज सेटअपला गेलं की 'पेपर' या खणात दोन याद्या शेजारी शेजारी दिसतात: पहिलं पान कुठून घ्यायचं आणि बाकीची कुठून. पहिलं पान कंपनीच्या लेटरहेडवर आणि बाकीची साध्या कागदावर, अशी पत्रं लिहिणाऱ्या साहेबांची ही सोय. पण मुळशी तालुक्यातल्या वाटणीपत्राला ती इतकी चपखल बसते की करणाऱ्याच्या सासरकडचं कोणीतरी इकडचं असावं, असा मला संशय आहे.

ताई मात्र यादीवर विसंबत नाही. ती आधी साधा कागद घेते, कोपऱ्यात पेन्सिलीने फुली मारते आणि फुली वर ठेवून हाताने सरकवायच्या ट्रेमध्ये घालते. कागद बाहेर आला की फुली कुठे आणि छपाई कुठे ते बघते. मगच स्टॅम्पला हात लावते. पाठीमागे छापला गेलेला स्टॅम्प घेऊन गिऱ्हाईक समोर उभं राहिलं, तर त्याला ड्रायव्हरची सेटिंग समजावून सांगायची कशी?

प्रिंटरइतका भाबडा जीव दुसरा नसेल. ट्रेमध्ये कोणता कागद आहे हे मोठ्या मशिनला कडेच्या पट्ट्यांवरून थोडंफार कळतं. छोट्याला आपण सांगू तेच खरं. सांगायचंही तीन ठिकाणी: फाइलमध्ये, प्रिंटच्या खिडकीत आणि मशिनच्या स्वतःच्या पडद्यावर. सामाईक गटाला तिन्ही भावांच्या सह्या लागतात तसं या तिघांचं एकमत झाल्याशिवाय कागद हलत नाही. एकाने ए-फोर म्हटलं आणि दुसऱ्याने लेटर, की दिवा लुकलुकायला लागतो आणि मशीन 'लेटर साइज' कागद मागत बसतं. पिरंगुटमध्ये लेटर साइजचं रीम मागणारं गिऱ्हाईक मी तरी पाहिलेलं नाही.

तरी तो लेटर जात नाही. विंडोजच्या आतल्या हिशोबात कागदांना क्रमांक आहेत. अमेरिकेचा लेटर पहिला, लिगल पाचवा, आणि अर्धं जग वापरतं तो ए-फोर नववा. खरं तर शहाणा कागद ए-फोरच. आडवा मधोमध कापला तरी लांबी-रुंदीचं प्रमाण तेच राहतं, हे गेओर्ग लिख्टेनबर्ग या जर्मन प्राध्यापकाने १७८६ सालीच पत्रात लिहून ठेवलं होतं. १९२२ मध्ये जर्मनीत त्याचं मानक झालं. एक चौरस मीटरचा ए-झिरो चार वेळा अर्धा केला की ए-फोर मिळतो. म्हणून ८० जीएसएमचा एक कागद पाच ग्रॅमचा आणि ५०० कागदांचं रीम अडीच किलोचं. दुकानात रीम वजन करून घेणारा एकही माणूस नाही, पण घ्यायला हरकत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या एप्रिलपासून आपल्याकडे दाखल होणाऱ्या कागदपत्रांसाठी ए-फोर आणि तोही पाठपोट, असं ठरवलं. दिल्लीहून निघालेला निर्णय ताम्हिणीच्या वाटेवर पोचायला वेळ लागणारच. इथे लांब कागदाला अजून वजन आहे. तोच मजकूर ए-फोरवर दिला, की "काहीतरी कमी वाटतंय," म्हणून कागद परत येतो.

पावसाळ्यात तर सेटिंग अचूक असूनही भागत नाही. मुळशीची हवाच ओली. फोडून ठेवलेलं रीम दमट होतं, कडा वळतात, दोन-दोन कागद एकदम ओढले जातात आणि पडद्यावर येतं 'पेपर जाम, ट्रे दोन'. ताई गठ्ठा बाहेर काढते, कडेने फडफडवते, परत सारखा करून घालते. 'ऑटो सिलेक्ट' हा पर्याय तिने कधी निवडलेला मला दिसला नाही. माझंही मत तिच्या बाजूने आहे. जिथे तीन कागद तीन किमतींचे, तिथे 'आपोआप' हा शब्दच महाग.

परवा एक आबा हे सगळं फेटा सावरत बघत होते. शेवटी न राहवून म्हणाले, "पोरी, हा पाचशेचा कागद हाय, हे त्या यंत्राला कळत न्हाई व्हय?"

"नाही आबा. त्याला सगळे कागद सारखेच."

"मंग कचेरीत बसवा की त्याला," आबा म्हणाले, आणि सुट्टे पैसे शोधायला लागले.