शंभर डॉलरचा जीर्णोद्धार

अमेरिकेत घर घेणाऱ्याला घराबरोबर एक भोक मिळतं. बैठकीच्या खोलीत, ऐन मोक्याच्या भिंतीत, जमिनीपासून छतापर्यंत लावलेल्या लाल विटांच्या मधोमध, पितळी चौकटीच्या काचेच्या दारांआड काजळी धरून बसलेलं हे भोक म्हणजे फायरप्लेस. १९७०च्या दशकात बांधलेल्या उपनगरी घरांत ती हमखास सापडते, आणि न्यू जर्सीतल्या एडिसन-पार्सिपनीकडे अशी घरं घेणाऱ्यांत मराठी माणसंही बरीच असल्यामुळे या भोकाचा आपल्याशी संबंध आलेला आहे. घर दाखवणारा एजंट तिला ‘फोकल पॉइंट’ म्हणतो. लॅटिनमध्ये ‘फोकस’ म्हणजे चूलच. तेव्हा एजंट बिचारा चुलीला चूल म्हणण्यापलीकडे काही करत नसतो. पण हीच चूल बघून ज्याच्या तोंडून ‘फारच जुनाट आहे हो, शंभर डॉलरांत करून टाकू’ असे उद्गार निघतात, तो आपला जीर्णोद्धारक. तो आयरिश असो, गुजराती असो की चिपळूणचा, गोत्र एकच. आणि माझं म्हणणं असं, की या माणसाला फायरप्लेस नवी करायचीच नसते. त्याला एक हिशोब जमवायचा असतो. फायरप्लेस हा फक्त त्या हिशोबाचा कागद.

पहिला पुरावा म्हणजे तो ती कधी पेटवत नाही. यात त्याची चूक नाही. उघड्या फायरप्लेसमध्ये जाळलेल्या लाकडातली जेमतेम दहावा हिस्सा ऊब खोलीला मिळते, बाकीची धुराड्यातून आकाशाला. शिवाय जाताना ती खोलीतली आधीच तापवलेली हवाही ओढून नेते. ही गळती अमेरिकेला नवी नाही. बेंजामिन फ्रँकलिननं १७४०च्या दशकात त्यासाठी लोखंडी शेगडी काढली आणि देऊ केलेलं पेटंटही नाकारलं; त्याच शतकाच्या अखेरीस काउंट रम्फर्डनं लंडनमध्ये चुलीची खोली कमी करून बाजूच्या भिंती तिरक्या केल्या, म्हणजे ऊब माणसांकडे वळावी. या दोघांनी काटकसर केली ती लाकडाची. जीर्णोद्धारक लाकडाची काटकसर आणखी सोप्या मार्गानं करतो: लाकूड आणतच नाही. धुराड्याची झडप बंद, थर्मोस्टॅट चालू. मग जी वस्तू कधी वापरायची नाही, तिच्यासाठी चार शनिवार-रविवार गुडघ्यांवर का घालवायचे? उबेसाठी नाही, हे उघड आहे.

दिसण्यासाठी, असं कोणी म्हणेल. तर मग त्याच्या कामाची पद्धत बघा. आधी विटांवरची काजळी खरवडायची, ट्रायसोडियम फॉस्फेटच्या पाण्यानं घासायची. मग निम्मं पाणी घातलेला पांढरा रंग ब्रशनं लावून फडक्यानं पुसायचा, म्हणजे वीट दिसावी आणि दिसूही नये. पितळी चौकटीला पॉलिश पेपर मारून उष्णता सोसणारा काळा स्प्रे. वरच्या फळीला जुन्या लाकडाचा रंग, कारण नवं लाकूड जुनं दिसलं पाहिजे आणि जुन्या विटा नव्या. त्यातल्या त्यात हौशी असेल तर तो ‘लाइमवॉश’ घेतो. लाइमवॉश म्हणजे चुना. दसरा-दिवाळीच्या तोंडावर डब्यात कालवून, त्यात नीळ टाकून, कुंच्यानं ज्याचे हात आजोबांनी घराला दिले तोच चुना, फक्त इथे त्याच्या छटांना नावं आहेत आणि तो गॅलनवर मिळतो. एवढं झाल्यावर पाहुणे येतात. जीर्णोद्धारक त्यांना भिंत दाखवण्याआधी आकडा सांगतो. ‘काँट्रॅक्टर तीन हजार म्हणत होता. मी सत्त्याण्णवात बसवलं.’ पाहुणे भिंतीकडे बघायच्या आत त्या दोन आकड्यांची वजाबाकी करून मोकळे होतात. रंग चांगला बसलाय की नाही, हे कोणी विचारत नाही. यजमानालाही ते अपेक्षित नसतं. दिसण्यासाठीच काम केलं असतं तर आधी भिंत आली असती, मग किंमत.

आणि त्या सत्त्याण्णवात काय धरलंय? रंग आणि ब्रश. होम डेपोच्या सहा फेऱ्यांचं पेट्रोल धरलेलं नाही. गालिच्यावर सांडलेला प्रायमर निघावा म्हणून आणलेलं द्रावण ‘घरखर्चात’ गेलं. सँडर ‘पुढे कायम उपयोगी पडेल’ म्हणून भांडवली गुंतवणूक. समजा चाळीस तास लागले. ज्या माणसाचा तास कंपनी घसघशीत दरानं विकते, त्याच्या या चाळीस तासांची किंमत मात्र शून्य. एरवी टॅक्सच्या फॉर्मवर सेंटही न चुकवणारा माणूस इथे इतका उदार का होतो? कारण आकडा आधी ठरलेला असतो, खर्च मागून येऊन त्यात बसतो.

यावर एक आक्षेप जड आहे, तो टाळून चालणार नाही. सगळ्यांपाशी तीन हजार नसतात. हप्ते आहेत, मुलांचं डेकेअर आहे. रोज डोळ्यांत खुपणारी भिंत स्वतःच्या हातांनी थोडी सुसह्य केली तर त्यात हसण्यासारखं काय? काही नाही. पण खरोखर हात आखडलेला माणूस एक डबा रंग आणतो, लावतो आणि विसरतो. तो आकडा सांगत नाही, कारण कमी खर्च ही त्याची अडचण असते, कामगिरी नसते. दुसरा आक्षेप, घर विकताना किंमत येते. येतही असेल. पण विटेला एकदा रंग लागला की छिद्रांत शिरलेला तो रंग पुरता काढणं हे लावण्याच्या कित्येक पट काम, आणि ‘जुनाट’ हा काही विटेचा गुणधर्म नव्हे. ब्रिटनमध्ये १९५६च्या स्वच्छ हवा कायद्यानंतर कोळशाची शेकोटी मागे पडत गेली, तेव्हा तिथल्या जीर्णोद्धारकांनी व्हिक्टोरियन फायरप्लेसवर हार्डबोर्ड ठोकून त्या ‘आधुनिक’ केल्या. आज त्यांची नातवंडं तेच हार्डबोर्ड उचकटून आतल्या मूळ टाइल्स शोधतात. न्यू जर्सीतली पितळी दारंसुद्धा कोणीतरी हौसेनंच बसवली होती, आणि त्यानंही पाहुण्यांना काहीतरी आकडा सांगितलाच असणार.

एका ठिकाणी मात्र हा हिशोब मला हसण्यावारी नेता येत नाही. पैसे वाचवायच्या नादात जीर्णोद्धारक चुलीच्या आतही भिंतीचा साधा रंग मारतो, किंवा तोंडाला लागून लाकडी पट्ट्या चिकटवतो. अमेरिकेतल्या बांधकाम नियमांप्रमाणे जळाऊ वस्तू तोंडापासून किमान सहा इंच दूर हवी, आणि बारा इंचांच्या आत ती किती पुढे यावी याचंही माप ठरलेलं आहे: अंतराच्या दर इंचाला इंचाचा आठवा भाग. हे त्याला सांगितलं की तो म्हणतो, ‘अहो, पेटवतंय कोण!’ घर उद्या ज्याला विकायचं तो पेटवणार नाही, याची हमी कोणी दिली? विक्रीची किंमत मोजताना जो पुढचा मालक मोजला, तो इथे मोजलेला नसतो.

शेवटी फळीवर टीव्ही चढतो, मान दुखेल इतक्या उंचीवर. १९६६च्या नाताळात न्यू यॉर्कच्या डब्ल्यूपीआयएक्स वाहिनीनं, ज्यांच्या फ्लॅटात चूल नाही त्यांच्यासाठी, महापौरांच्या निवासातल्या फायरप्लेसमध्ये जळणारं लाकूड चित्रित करून तासन्‌तास दाखवलं होतं. आता तसले व्हिडिओ फुकट मिळतात. डिसेंबरात पाहुणे आले की जीर्णोद्धारक खालच्या गार, पांढऱ्या विटांच्या वर रिमोट रोखून टीव्हीवर आग लावतो, आणि खोली आता जरा उबदार वाटतेय असं म्हणत थर्मोस्टॅट दोन अंशांनी खाली आणतो.