एकास बारा

चांगली वस्तू वापरायची नसते, असा आमच्या घरात दंडक होता. चांगल्या कपबशा पाहुण्यांसाठी, चांगली चादर पाहुण्यांसाठी. असले पाहुणे आमच्याकडे कधी आले नाहीत, ते सोडा.

माझा मामा बोटीवर होता. १९७८ साली त्याने जपानच्या कोबे बंदरातून माझ्यासाठी एक पेटी आणली. झाकणावर पांढरीशुभ्र रेसची गाडी, उघडी चाकं, आत हेल्मेट घातलेला माणूस. मी सहावीतून सातवीत गेलो होतो. आईने पेटी हलवून पाहिली. आत खुळखुळलं. "प्रवासात ढिली झालीय वाटतं," ती म्हणाली. "सातवीचा निकाल लागला की उघड. आत्ता उघडलीस तर मोडशील."

ती गाडी मुळातच तीन-साडेतीनशे तुकड्यांत होती आणि ते आपणच जोडायचे होते, हे आईला ठाऊक नव्हतं. मला तर नव्हतंच. मोडेल या धास्तीने आम्ही एक सुटी गाडी पंचेचाळीस वर्षं कपाटावर जपली. सातवीचा निकाल लागला, त्यात गणित काठावर होतं. मुदत दहावीवर गेली. मग बारावी, डी.एड., नोकरी, लग्न. गेल्या वर्षी नाशिकच्या पंचवटीतला आमचा वाडा पाडायला निघाला तेव्हा कपाट रिकामं केलं. आई आता ८४ वर्षांची आहे. तिने पेटी पदराने पुसली आणि माझ्या हातात दिली. "घे. पण सांभाळून."

अशा रीतीने रेसची गाडी एसटीच्या लाल डब्यातून, मांडीवर बसून, दिंडोरी, वणी, बोरगाव करत सुरगाण्याला आली. मी इथे मास्तर आहे.

सुरगाणा म्हणजे नाशिक जिल्ह्याचं पश्चिमेचं टोक. त्यापुढे गुजरात. इथल्या रस्त्यावर गाडीची परीक्षा वेगावर होत नाही, चढाला अठरा माणसं आणि दोन बोकड घेऊन ती किती शांत राहते यावर होते. त्यामुळे पेटीवरचं चित्र पाहून घरमालकीण आजींनी पहिला प्रश्न विचारला, "गुरुजी, हिच्यात माणसं बसवायची कुठं?"

आवणीचे दिवस होते. निम्मा वर्ग आई-बापांसोबत चिखलात होता आणि पाऊस ओटीवरून हलू देत नव्हता. एका रविवारी मी पेटी उघडली. प्लास्टिकच्या चौकटी निघाल्या आणि त्यांना करवंदांसारखे लगडलेले भाग. प्रत्येकाशेजारी बारीक आकडा. शिवाय एवढीशी मोटर, पितळी पत्र्या, स्प्रिंगा, रबरी टायर आणि जपानी भाषेतलं सूचनापत्रक. त्यातलं मला एकच कळलं : १/१२.

हे माप समजायला सोपं आहे. खऱ्या गाडीचा एक फूट इथे एक इंच होतो. जपानमधल्या शिझुओका या लाकूडकामासाठी नावाजलेल्या गावात तामिया म्हणून कंपनी आहे. १९४६ साली ती लाकडाचा धंदा म्हणून सुरू झाली, पुढे लाकडी मॉडेलं करू लागली आणि १९६० पासून प्लास्टिकची. १९६७ साली तिने होंडाच्या फॉर्म्युला वन गाडीचं १/१२ मॉडेल काढलं आणि या मापाच्या मोठ्या गाड्यांचं वेड पसरलं. माझी पेटी त्याच वेडातली, कुणा भलत्याच घरची धाकटी बहीण.

नेलकटरने भाग तोडायला बसलो तेव्हा सौ. म्हणाली, "अहो, या वयात?" मी तिला इतिहास ऐकवला. मास्तरांची बायको हे सोसतेच. म्हटलं, अगं, या देशाचा मोटारधंदाच असा पेटीतून निघाला. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याला परदेशी गाड्यांचे सुटे भाग जोडूनच सुरुवात केली. महिंद्रांनी मुंबईत विलिस जीप जोडल्या, त्याही सुट्या भागांतूनच. फक्त त्यांच्या पेट्या कुणी निकाल लागेपर्यंत कपाटावर ठेवल्या नाहीत. फार कशाला, सरदार पटेलांनी काय केलं? साडेपाचशेच्या वर संस्थानं, सूचनापत्रक नाही, सगळी जोडून दाखवली. आपलं सुरगाणासुद्धा १९४८ साली त्यात बसलं. केवढं बारकं संस्थान, पण हरवलं नाही!

"तुमचं मात्र हरवलंय," सौ. म्हणाली आणि ओटीखाली बोट दाखवलं.

पुढच्या डाव्या चाकाची स्प्रिंग निसटून टुणकन अंगणात गेली होती. मी उतरेपर्यंत आजींच्या तांबड्या कोंबडीने ती टिपली. आजी निर्विकार. "खडे लागतात तिला दाणं दळायला. पोटातच राहतील." दोन दिवस मी त्या कोंबडीच्या मागे चमचा घेऊन हिंडलो. स्प्रिंग काही परत आली नाही. कोंबडी मात्र त्यानंतर खड्ड्यांतून फार सफाईने चालू लागली.

पेटीतल्या गोंदाची नळी दगड झाली होती. या प्लास्टिकचा खरा गोंद नुसता चिकटवत नाही. तो दोन्ही कडा जराशा विरघळवतो, मग त्या एकजीव होतात. दोघांनीही थोडं विरघळल्याशिवाय सांधा बसत नाही. हा गोंद शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत चहाबरोबर वाटावा असं फार वाटलं. पण सुरगाण्यात तो मिळेना, म्हणून मी झटपट चिकटणारा आणला. त्याने माझी दोन बोटं तत्काळ एकत्र केली. शिवाय त्याची वाफ पावसाळी हवेत बाहेर पडते ती जवळच्या पारदर्शक प्लास्टिकवर पांढरी बसते, हे मला नंतर कळलं. सकाळी पाहतो तर गाडीच्या पुढच्या काचेवर दाट धुकं. आषाढात हातगडाच्या घाटात असतं, तंतोतंत तसं. सौ. म्हणाली, "आता वाटतेय इकडची गाडी."

आकड्यांचे स्टिकर पिवळे पडले होते. जाणकार सांगतात, असे स्टिकर खिडकीच्या काचेला उन्हात लावून ठेवावेत, पिवळेपणा उडतो. मी लावले. पंधरा दिवस ऊन पडलं नाही. सोळाव्या दिवशी स्टिकरांना बुरशी आली. पिवळ्यावर हिरवं चांगलं उठून दिसत होतं.

आणि मोटर? तिला बॅटरी जोडली, ती ढिम्म. शेवटी गाडी रुमालात बांधून बाजारपेठेतल्या मिस्त्रींकडे नेली. हे मिस्त्री वडाप जीपांचे धन्वंतरी. त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये कुठलीही गाडी एकाच कंपनीची राहत नाही. इंजिन एकीचं, गिअरबॉक्स दुसरीचा, हॉर्न तिसरीचा. त्यांनी गाडी तळहातावर घेतली, हसले नाहीत, विचारलं, "काय तक्रार आहे, गुरुजी?"

"सेल्फ घेत नाही," मी म्हणालो.

त्यांनी मोटरवर पान्याच्या टोकाने हलकेच टकटक केली, जीपच्या सेल्फवर करतात तशी. मग पत्रा उकलला. "कार्बन धरलाय. पत्र्या गंजल्यात. वापरात नव्हती का?" मी मान खाली घातली. "गाडी ठेवून खराब होते, गुरुजी. चालवून होते त्यापेक्षा जास्त." आईचा फोन नंबर द्यावा असं क्षणभर वाटलं.

काडीला चिंधी गुंडाळून, पेट्रोलमध्ये बुडवून त्यांनी आतली तांब्याची कडी पुसली, पॉइंट घासले. दांड्यावरचं इवलं दातेरी चाक जुनं होऊन तडकलं होतं. त्यावर तांब्याची तार आवळली. कोंबडीने खाल्लेल्या स्प्रिंगेच्या जागी बॉलपेनची स्प्रिंग कापून घातली. बॅटरी जोडली. मोटर किर्रर्र करून फिरली आणि गाडी डौलात मागे गेली.

"वायर उलट्या लागल्यात," मी म्हणालो.

"राहू द्या की," मिस्त्री म्हणाले. "इतका साफ रिव्हर्स घाटात कुणाचा जात नाही." शेवटी माझ्या आग्रहाखातर त्यांनी नाइलाजाने वायर बदलल्या. मजुरी विचारली तर म्हणाले, "एकास बाराच्या हिशेबानं द्या." मी चहा पाजला. तो पूर्ण मापाचा होता.

संध्याकाळी आजींच्या ओटीवर पहिली फेरी ठरली. वर्गातली अकरा पोरं, आजी, सौ., दुकान बंद करून आलेले मिस्त्री आणि अंगणातून मान तिरकी करून पाहणारी कोंबडी, जिचा गाडीत वाटा होता. मी बटण दाबलं. मोटर घुमली, गाडी थरथरली, जागची हलेना. पंचेचाळीस वर्षं कपाटावर बसून तिला बसायची सवय लागली होती.

"धक्का!" पोरं एकदम ओरडली.

सुरगाण्यात गाडी म्हटली की धक्का आलाच. घाटात जीप रुसली की दहा-बारा जण उतरतात, खांदा लावतात, ती खाकरते आणि सुटते. इथे हिशेब सोपा होता. बारा माणसांचा एक-बारांश म्हणजे एक माणूस. आणि गाडीच्या मानाने तोही फार होईल म्हणून मिस्त्री म्हणाले, "एकच बोट, गुरुजी."

मी बोट लावलं. गाडी सुटली. धुकट काच, हिरवट आकडे, पुढचं डावं चाक जरा लंगडं, अशी ती सारवलेल्या ओटीवरून सरळ गेली, कडेला पोहोचली, आणि ब्रेक जोडायचा भाग सूचनापत्रकात होता की नव्हता याचा मी विचार करेपर्यंत खाली गेली. मागचं चाक एकीकडे, हेल्मेटवाला दुसरीकडे. कोंबडी धावली, या खेपेस पोरं तयारीत होती.

रात्री आईला फोन केला.

"आई, गाडी मोडली."

पलीकडे बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मला वाटलं रेंज गेली.

"चालली का पण?"

"चालली. सात फूट. खऱ्या गाडीचे चौऱ्याऐंशी."

"मग झालं तर," आई म्हणाली. "पुष्कळ चालली."