भरल्या गाडीचं दुखणं

आमच्या पद्मिनीला गॅरेजमध्ये कधी काही होत नाही. उस्तादांच्या पत्र्याच्या शेडमध्ये किल्ली फिरवायचा अवकाश, लगेच सुरू. न्यूट्रलमध्ये रेस द्या, आवाज चढतो, सोडा, उतरतो, एक ठोका चुकत नाही. उस्ताद बोनेटवर तळहात ठेवून ऐकतात आणि मग माझ्याकडे असे बघतात, की आता गाडीऐवजी माझीच तपासणी होणार.

गाडी 1986 सालची, कुर्ल्याच्या कारखान्यातली. वडिलांनी घेतली, मी सांभाळली. इंजिन 1089 सीसीचं, ताकद चाळीसेक घोड्यांची. हे घोडे सपाट रस्त्यावर रोज हजेरी लावतात. पण गाडीत पाच माणसं, डिकीत सामान आणि समोर दिवे घाट अशी वेळ आली, की रजेचे अर्ज येऊ लागतात. तिसऱ्या गियरमध्ये अ‍ॅक्सिलेटर तळाला टेकवला, की गाडी क्षणभर जोर धरते आणि मग ढेपाळते. आणखी दाबावं तर आणखी ढेपाळते. गंमत म्हणजे पाय जरा उचलला की पुन्हा चालायला लागते. म्हणजे कमी मागितलं तर देते, सगळं मागितलं तर काहीच देत नाही.

पुण्यात बंद पडलेल्या गाडीपेक्षा कुरकुरणाऱ्या गाडीला जास्त डॉक्टर भेटतात. मेहुण्याचं निदान कंडेन्सर. तो कुठल्याही गाडीला कंडेन्सरच सांगतो. बोलेरोलाही सांगितला होता, डिझेल असून. सासरेबुवांच्या मते हल्लीचं पेट्रोलच पातळ. शेजारच्या मुलाने, ज्याची गाडी विजेवर चालते, फक्त मान हलवली, आणि ती मला सगळ्यात जास्त लागली.

उस्ताद मात्र शास्त्राने जाणारे. त्यांच्या मते इंजिनाला तीनच गोष्टी लागतात: पेट्रोल, हवा आणि करंट. उभ्या गाडीला या तिन्ही चिमूटभर पुरतात. चढावर पूर्ण रेस दिली, की पेट्रोल उभ्या गाडीच्या दहापटीने लागतं, आणि मिश्रणही जरा जास्त घट्ट हवं असतं. एरवी एक ग्रॅम पेट्रोलला पंधराएक ग्रॅम हवा. पूर्ण जोर हवा असेल तर बारा-तेरा. करंटचंही तसंच. भरल्या सिलिंडरमध्ये दाब वाढतो आणि त्या दाबात ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं. म्हातारी कॉइल रिकाम्या गाडीत छान वागते आणि चढावर हात टेकते. थोडक्यात, हे दुखणं शेडमध्ये दिसणारच नाही. ते बघायचं तर घाट हवा आणि वजन हवं.

“तीनशे किलो तरी टाका गाडीत,” उस्ताद म्हणाले.

मी वाळूच्या पोत्यांची चौकशी सुरू केली. बायको म्हणाली, “पोती कशाला? जेजुरी राहिलीच आहे.”

एकाच संध्याकाळी वजन जमलं. मावशी, मेहुणा, सासरेबुवा, शिवाय मी आणि उस्ताद. बायकोने, जागा नाही, असं सांगून स्वतःची सुटका करून घेतली. अडचण आली ती फक्त बेरजेची. उस्तादांना आकडा हवा होता, आणि मावशीने जो सांगितला तो बहुधा तिच्या लग्नातला असावा. उस्तादांनी तो ऐकला, मागच्या स्प्रिंगकडे एकदा बघितलं आणि कागदावर स्वतःचा आकडा लिहिला.

निघण्याआधी त्यांनी मला अ‍ॅक्सिलेटर पूर्ण दाबायला लावला आणि स्वतः कार्बोरेटरच्या तोंडात बघत राहिले. पाय तळाला टेकलेला, तरी आतली पट्टी पाऊणच उघडत होती. पायाखाली काथ्याचं जाड मॅट होतं, सासरेबुवांनी मोठ्या प्रेमाने आणलेलं. ते काढलं. सासरेबुवा ते मांडीवर घेऊन बसले आणि जेजुरीपर्यंत कुणाशी बोलले नाहीत. मॅट काढल्याचा परिणाम असा, की गाडी आधी ज्या वळणावर दम सोडायची त्याच्या दोन वळणं अलीकडेच सोडू लागली. माझा चेहरा पडला, उस्ताद खूश. आता कुठे खरी फुल रेस मिळाली होती, आणि रोग हवा तेव्हा दिसत होता. मेकॅनिकला याहून मोठं सुख नाही.

“चोक ओढा,” ते एकदम म्हणाले. मी ओढला, थोडासाच. आणि रडतखडत चाललेली गाडी चक्क उचलली.

मागून मावशी म्हणाली, “हवा बंद केल्यावर पळते? मग इतकी वर्षं उघडी कशाला ठेवलीत?”

प्रश्न चुकीचा नव्हता. चोकने हवा अडते, मिश्रण घट्ट होतं. त्यावर गाडी सुधारली, तर तिला पेट्रोल कमी पडतंय. आणखी बिघडली असती, तर करंटकडे वळायचं. अर्ध्या मिनिटात मेहुण्याचा कंडेन्सर निकालात निघाला. त्याने तो निकाल मानला नाही.

खात्रीसाठी उस्तादांनी मला भर चढावर, फुल रेसमध्ये, क्लच दाबून इंजिन बंद करायला आणि गाडी कडेला घ्यायला लावली. गरम प्लग फडक्यात धरून बाहेर काढले. निरोगी गाडीचा प्लग बिस्किटी रंगाचा असतो, जास्त पेट्रोल पिणारीचा काळा. आमचे पांढरेफटक. खाली मस्तानी तलाव, वर उन्हात आम्ही चार प्लगांभोवती वाकलेलो. येणारे-जाणारे थांबून सल्ला देत होते. एकाने आठवण करून दिली, की माऊलींच्या रथालाही या घाटात जादा बैलजोड्या लावतात. मावशीने तेवढ्यात पुरंदरचे अंजीर घेतले, दोन किलो. उस्तादांनी ते कागदावर वजनात मिळवले.

आता पेट्रोल कुठे अडतंय एवढंच उरलं. टाकीच्या झाकणाचं भोक बुजलं असेल तर टाकीत हवा शिरत नाही आणि पेट्रोल येत नाही. झाकण सैल करून पाहिलं, फरक शून्य. मेन जेट काढून फुंकला, साफ. पंपाचा पाइप सोडून स्टार्टर मारला, तर बाटलीत ऐटीत पिचकाऱ्या. इथे मी हरलो असतो. उस्ताद गाडीखाली गेले आणि टाकीकडून येणाऱ्या लोखंडी नळीला पंपापाशी जोडणारा रबरी होज काढून आणला. बाहेरून ठणठणीत. फुंकला, हवा आरपार. मग त्यांनी तो उलटा तोंडात धरून ओढला आणि थांबले. पुन्हा ओढला. गाल आत गेले, हवा येईना.

पंप काही फुंकत नाही, तो ओढतो. चाकूने होज उभा चिरला तेव्हा आतला थर फुगून सुटलेला दिसला. हळू ओढलं की तो पापुद्रा बाजूला पडून राहायचा. जोरात ओढलं की रस्ता बंद. पेट्रोलमध्ये हल्ली वीस टक्के इथेनॉल असतं आणि जुन्या रबराला ते सोसत नाही, असं उस्तादांचं मत. सासरेबुवांनी, मौन न मोडता, ‘मी म्हणत नव्हतो’ असा चेहरा केला.

सासवडहून दीड फूट नवा होज आणि दोन क्लिपा आणल्या, अंजिरांपेक्षा स्वस्त. जेजुरी झाली, सीट भंडाऱ्याने पिवळी झाली. येताना घाटाचा उतार. उतारावर कुठलीही गाडी पळते, म्हणून उस्तादांनी खालून गाडी वळवली आणि तेच वजन घेऊन पुन्हा चढवली. तिसऱ्या गियरमध्ये, फुल रेस, चोक आत. मधे एक एसटी मागे टाकली. मेहुणा म्हणाला, “आता कंडेन्सरही बदलून घ्या.”

परवा उस्तादांचा फोन आला. मला वाटलं बिलाचा.

“तुमच्या त्या मावशी रविवारी रिकाम्या आहेत का? एका अ‍ॅम्बॅसेडरला चढावर दम लागतोय.”

मी फोनवर हात ठेवून मावशीला विचारलं. ती चष्मा न काढता म्हणाली, “कुठल्या देवाला जायचंय ते आधी विचार.”