आधी सावधान, मग शुभमंगल

भाचीचं लग्न ठरलं तेव्हा ताईने इंग्लंडातल्या स्लावहून जागेचा फोटो पाठवला. मधाच्या रंगाच्या दगडाचं तीनमजली घर, छपरावर धुराड्यांची रांग, पुढे हिरवळ आणि हिरवळीच्या टोकाला चरणाऱ्या गाई. खाली तिने लिहिलं होतं, 'हे आपलं कार्यालय.' सांगलीतल्या आमच्या घरात तो फोन हातोहात फिरत शेवटी काकूंकडे आला. काकूंनी पदराने काच पुसली, घर पायथ्यापासून धुराड्यांपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "पंगत किती पानांची बसते?"

"एकशेवीस," मी म्हटलं. "भटजी धरून."

"आणि एकशेएकविसावा आला तर? लग्नघरातून कुणी उपाशी जातं का?"

ताईचं उत्तर आलं ते असं : आग लागली तर माणसं बाहेर कशी काढायची, याचा हिशोब त्यांनी एकशेवीस जणांपुरताच केला आहे. काकू गप्प झाल्या. लग्नाआधीच आग गृहीत धरणारं कार्यालय त्यांनी चौऱ्याहत्तर वर्षांत पाहिलं नव्हतं.

पाठोपाठ नियमावली आली. अडतीस पानं. आपल्याकडे कार्यालयाच्या भिंतीवर तीन ओळी असतात : चपला सांभाळा, दागिने सांभाळा, अन्न टाकू नका. इथे भिंतीत खिळा नको, लाकडाला चिकटपट्टी नको, गालिच्याजवळ हळद नको, घरात धूर नको, आणि तांदूळ तर कुठेच नको, त्यावरून पाय घसरतो. वधूवरांचं अभिनंदन अडतिसाव्या पानावर होतं, सहीच्या रेघेखाली. आपण 'शुभमंगल' आधी म्हणतो आणि 'सावधान' नंतर. इंग्रजांनी क्रम बदललाय, एवढंच.

काकूंचा आग्रह गोरज मुहूर्ताचा. गाई परततात, त्यांच्या खुरांची धूळ उडते, ती वेळ. फोटोत गाई होत्याच, तेव्हा अडचण काय? अडचण सूर्याची होती. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात ग्लॉस्टरशरमध्ये तो साडेनऊच्या सुमाराला मावळतो आणि अकराला वाद्यं बंद. शिवाय त्या ओल्या गवतातून धूळ उडवायची तर आधी दुष्काळ पाडावा लागेल. त्यात त्या गाई घरी परतणाऱ्यांपैकी नव्हत्या, कारण त्या दुधाच्या नव्हत्या. मग कशाच्या, हे काकूंना कुणी सांगितलं नाही. शेवटी भटजींनी तीन वाजून सात मिनिटांचा मुहूर्त काढला. भटजी सोमवार ते शुक्रवार लंडनच्या बँकेत संगणक सांभाळतात, त्यामुळे 'उपलब्ध वेळ' आणि 'शुभ वेळ' यांची सांगड घालणं हा त्यांचा रोजचाच व्यवसाय.

मी वधूचा मामा. मामाला लग्नात काम एकच, भाचीला हाताला धरून अंतरपाटापर्यंत आणायचं. त्या वीस पावलांसाठी मी सात हजार किलोमीटर आलो होतो.

स्लावहून बसने निघालो. कॉट्सवोल्डचा मुलूख लागला तशी गावंच्या गावं एकाच दगडाची दिसू लागली. जमिनीतून निघणारा हा चुनखडीचा दगड, त्याचीच घरं, त्याचेच गडगे, त्याचीच चर्चं. मध्ययुगात इथल्या मेंढ्यांच्या लोकरीवर व्यापारी गब्बर झाले आणि त्या पैशातून हे सगळं उभं राहिलं. काकू म्हणाल्या, "म्हणजे धनगरवाडाच की." शेवटच्या अर्ध्या मैलाला रस्ता इतका अरुंद झाला, की दोन्हीकडची कुंपणं एकदमच बसच्या खिडक्यांना घासू लागली. ड्रायव्हरने हात वर केले. मग पैठण्या, फेटे, सनईवाल्याऐवजी आणलेला स्पीकर आणि मोदकांचे डबे अशी वरात पायी निघाली. एका म्हाताऱ्या सायकलस्वाराने थांबून टोपी काढली. त्याला बहुधा वाटलं असावं, राज्य परत घ्यायला आले.

घर सोळाव्या शतकाच्या अखेरचं. सरकारदरबारी नोंद 'ग्रेड टू स्टार'. इंग्लंडात नोंदलेल्या जुन्या वास्तूंपैकी पहिल्या श्रेणीत अडीच टक्केच बसतात आणि या तारांकित दुसऱ्या श्रेणीत सहा टक्क्यांच्या आत-बाहेर. म्हणजे पहिला वर्ग थोडक्यात हुकलेल्या हुशार मुलासारखी त्या घराची अवस्था होती आणि मालकांच्या बोलण्यात ती सल जाणवत होती. मालक सत्तरीचे. कोपराला भोक पडलेला स्वेटर घालून ते स्वतःच दार उघडायला आले. काकूंनी त्यांच्या हातात बॅग दिली.

घराचा एक कोपरा त्यांनी राहायला ठेवला होता, बाकीचं घर लग्नांना. कारण साधं आहे. छप्पर गळतं. मालक मेला की वारसाला मृत्युकर भरावा लागतो, आणि राबणारे नोकर पहिल्या महायुद्धानंतर कमीच होत गेले. विसाव्या शतकात अशी शेकडो घरं पाडली गेली. १९७४ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने नुसत्या पाडलेल्या घरांवर प्रदर्शन भरवलं होतं. मग १९९४ चा कायदा आला आणि एप्रिल १९९५ पासून मान्यताप्राप्त घरांतही लग्नं लागू लागली. तोवर बहुतेकांना दोनच पर्याय, चर्च नाहीतर नोंदणी कचेरी. मला आमच्या गल्लीतला वाडा आठवला. भाऊबंदकीत अर्धा पडला, उरलेल्या अर्ध्याचं 'मंगल कार्यालय' झालं, आणि पेशवाई न पाहिलेल्या त्याच्या मालकांनी आयुष्यभर पाण्याच्या टाकीवर पहारा दिला. हे गृहस्थ त्यांचेच जुळे भाऊ. फक्त यांच्या भिंतीवर पूर्वजांची तैलचित्रं होती आणि त्यांच्या भिंतीवर सोसायटीचं कॅलेंडर.

सजावटीला सुरुवात केली तशी कोऑर्डिनेटर बाई हजर झाली. हातात फळी, फळीवर यादी. दाराला तोरण बांधायचं, तर खिळा नाही, टेप नाही, दोराही लाकडी चौकटीला घासायला नको. शेवटी दोन भाचे दोन स्टुलांवर उभे राहिले आणि त्यांनी तोरण हातात धरलं. दर वीस मिनिटांनी पाळी बदलायची. वऱ्हाडात पोरं कशाला न्यायची असतात, ते मला त्या दिवशी कळलं.

रुखवत मात्र विनातक्रार मांडलं गेलं. पूर्वजांच्या चित्रांखाली लांबलचक ओक लाकडाचं टेबल होतं, त्यावर साखरेचं तुळशीवृंदावन, लोकरीचा ससा आणि काकूंनी सहा महिने खपून केलेली सुपाऱ्यांची वरात : सुपारीचे वाजंत्री, सुपारीचा घोडा आणि पळीभर उंचीचे, शेंडी असलेले सुपारीचे भटजी. व्याह्यांकडचे पाहुणे हात मागे बांधून टेबलाभोवती फिरू लागले. एक बाई त्या भटजींपुढे बराच वेळ थांबल्या आणि त्यांनी मला हलक्या आवाजात विचारलं, "अठराव्या शतकातले?" मी काकूंकडे पाहिलं. काकू म्हणाल्या, "सांग, हो म्हणून. हात लावणार नाहीत."

खऱ्या भटजींना सोवळं नेसायला जागा हवी होती. मालकांचा चेहरा उजळला. त्यांनी जिन्याच्या वळणावरची एक लाकडी फळी सरकवली. आत पोत्याएवढी अंधारी कोंदट पोकळी. "प्रीस्ट होल," ते अभिमानाने म्हणाले. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळात, १५८५ च्या कायद्याने, कॅथलिक पाद्र्यांचं इंग्लंडात असणं हाच राजद्रोह ठरला. त्यांना आसरा देणाऱ्या घरांत मग भिंतीत, जिन्याखाली, धुराड्यात अशा जागा केल्या गेल्या. निकोलस ओवेन नावाचा सुतार त्यात सगळ्यांत वस्ताद. १६०६ मध्ये टॉवर ऑफ लंडनमध्ये छळ होऊन तो मेला, पण एकाही घराचा पत्ता त्याने सांगितला नाही. वूस्टरशरच्या हार्विंग्टन हॉलमध्ये तशा जागा आजही पाहायला मिळतात. भटजींनी हे सगळं ऐकून घेतलं, आत डोकावून पाहिलं, आणि म्हणाले, "मी सोवळं गाडीतच नेसतो."

एक वाजता सरकारी लग्न. दोन रजिस्ट्रार बायका आल्या. या विधीत धर्म औषधालाही चालत नाही. प्रार्थना नाही, मंत्र नाही. दालनात चर्चपेक्षा जास्त शांतता. आणि ऐन शपथेच्या वेळी आमच्या एका चुलतभावाच्या खिशात गणपतीची आरती वाजली. रजिस्ट्रार बाई थबकल्या. "हे धार्मिक आहे का?" त्यांनी विचारलं. "नाही नाही," चुलतभाऊ म्हणाला, "बायकोचा फोन आहे." विधी पुढे सुरू झाला.

मग नोंदीचा कागद. १८३७ पासून इंग्लंडच्या विवाहनोंदीत बापाचंच नाव आणि बापाचाच व्यवसाय असे. आईला जागा मिळाली ती मे २०२१ पासून. रजिस्ट्रार बाईंनी ताईला व्यवसाय विचारला. तीस वर्षं इस्पितळात रक्त तपासणारी माझी बहीण क्षणभर गोंधळली, मग स्पष्ट आवाजात तिने सांगितलं. भाऊजींनी नकळत मान डोलावली, जणू ही बातमी त्यांनाही नवीन होती.

मधल्या वेळात फोटो. आमचा तोच चुलतभाऊ हिरवळीवर सगळ्यांना उभं करून, कॅमेरा डोळ्याला लावून, मागे मागे सरकू लागला. व्याह्यांकडची मंडळी एकदम ओरडली, "हा-हा! हा-हा!" आम्हाला वाटलं, हसतायत. व्याह्यांना साथ द्यावी म्हणून आम्हीही हसलो. पुढच्या क्षणी चुलतभाऊ नाहीसा झाला.

हा-हा हे त्या खंदकाचं नावच आहे. हिरवळीच्या कडेला माणूसभर खोल चर, घराकडची बाजू सरळ भिंतीची, पलीकडची उताराची. गाई वर चढू शकत नाहीत, आणि घरातून पाहावं तर मध्ये कुंपण नाही. हिरवळ थेट क्षितिजाला भिडलेली. अठराव्या शतकात स्टोच्या बागेत चार्ल्स ब्रिजमनने असा चर आखला आणि मग बड्या घरांत ती टूमच निघाली. अचानक दिसल्यावर माणसाच्या तोंडून जे निघतं तेच नाव पडलं म्हणतात. चुलतभावाच्या तोंडून निघालेलं मात्र वेगळं होतं आणि ते कुठल्याही खंदकाला देता येणार नाही. तो चिखलात बसला होता, कॅमेरा डोक्यावर धरून. समोर एक गाय त्याच्याकडे पाहत होती. काकूंनी वरून वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "गोरज मुहूर्त साधला एकाने तरी."

तीनला पाच कमी. मी भाचीला घेऊन निघालो. वीस पावलं, पण फरशी चारशे वर्षांची, कुरकुरणारी, दर पावलाला सूर वेगळा. अंतरपाट धरला गेला. पलीकडे फेटा बांधलेला उंच जावई, त्याचे नुसते डोळे दिसत होते. आणि काकू माईकपाशी गेल्या.

काकूंनी मंगलाष्टकं स्वतः रचली होती, शार्दूलविक्रीडितात. त्यात गावाचं नावही घातलं होतं. पण इंग्रजी अक्षरं पाहून त्या वाचत होत्या 'ग्लाउसेस्टरशायर'. उच्चार 'ग्लॉस्टरशर' आहे हे कळलं तेव्हा वृत्तात तीन अक्षरं कमी पडली. "मग तेच चुकीचं म्हणतात," असा निर्णय देऊन काकूंनी आठ अक्षरी नाव कायम ठेवलं होतं.

त्या दालनाच्या भिंतीवर एक डबी होती. तिच्यात हिरवा, पिवळा, लाल असे दिवे. आवाज ठरलेल्या डेसिबलच्या वर गेला की लाल लागतो आणि काही सेकंदांत दालनातल्या प्लगांची वीजच जाते. खालच्या गावाची झोप मोडू नये म्हणून. डीजेला वठणीवर आणायला बसवलेलं ते यंत्र. त्याने काकू ऐकल्या नव्हत्या. पहिल्या कडव्याला पिवळा. दुसऱ्याला पिवळा फडफडला. तिसऱ्या कडव्यात काकूंनी 'ग्लाउसेस्टर' म्हणत वरचा षड्ज गाठला, आणि 'शायर'च्या आधी दिवा लाल झाला. खट्! माईक, स्पीकर, रोषणाई, सगळं गेलं.

व्याह्यांकडचे चाळीस लोक जागच्या जागी गोठले. कोऑर्डिनेटर बाई फळी टाकून धावली. आमच्याकडचा एकही माणूस हलला नाही. वीज गेल्यावर काय करायचं असतं, हे सांगलीच्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. आत्याबाईंनी पर्समधून बॅटरी काढली, भटजींनी घड्याळ पाहिलं, आणि काकूंनी 'शायर' पूर्ण केलं, नुसत्या गळ्यावर, मघापेक्षा मोठ्याने. डबीला आता तोडायला काही उरलंच नव्हतं. तीन वाजून सात मिनिटांनी 'सावधान' झालं. वरच्या चित्रातल्या एका कोटवाल्याच्या डोळ्यांत पाणी होतं असं ताई म्हणते. ते जुनं वॉर्निश असावं.

अक्षतांऐवजी सगळ्यांच्या हाती कागदी शंकूत सुकलेल्या गुलाबपाकळ्या दिल्या होत्या. त्या हलकेच तरंगत खाली आल्या. पण मला मानेवर काहीतरी टणक लागलं. मागे वळलो तर काकूंच्या रुमालाची गाठ सुटलेली.

होम हिरवळीवर, मांडवाखाली झाला. सप्तपदीत वधूवरांच्या मागोमाग आग विझवायचं नळकांडं घेतलेला एक गृहस्थही सात पावलं चालला. कायद्याने त्याचं काय झालं असेल, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी अनामत परत घ्यायची होती. कोऑर्डिनेटर बाई यादी घेऊन दालनभर फिरत होती : भिंत ठीक, चौकट ठीक, टेबल ठीक. मी मालकांशी बोलत उभा होतो. ते सांगत होते, अशा घरांच्या फरशीखाली काय काय सापडतं. नॉरफोकच्या ऑक्सबर्ग हॉलमध्ये छपराच्या दुरुस्तीसाठी फळ्या उचलल्या तर उंदरांच्या घरट्यांत शेकडो वर्षांपूर्वीच्या कापडांचे तुकडे आणि जुने लिखित कागद निघाले. तेवढ्यात माझी नजर खाली गेली. दोन फळ्यांच्या फटीत कुंकवाने लाल झालेला एक तांदूळ उभा अडकला होता.

बाई दोन पावलांवर आली. मी बुटाचं टोक त्या दाण्यावर ठेवलं आणि हळूच दाबलं. टक् असा बारीक आवाज करून तो आत गेला.

"फरशी?" बाईने विचारलं.

"ठीक," मी म्हटलं. तिने खूण केली.

आता चारशे वर्षांनी कुणीतरी ती फळी उचलेल. त्या दाण्याला कुठला ग्रेड द्यायचा, ते त्यांचं त्यांनी ठरवावं. काकूंच्या मते स्टार तरी मिळालाच पाहिजे.