मुक्काम पोस्ट ओग्लॅक्स

आमच्या वळसंगात लॅपटॉपला काहीही झालं तरी निदान एकच : "विंडोज मारावं लागतंय." पडदा काळा पडला, विंडोज मारा. प्रिंटर रुसला, विंडोज मारा. कीबोर्डात शेंगाची चटणी सांडून एखादं बटण अडकायला लागलं, तरी बघणारा आधी कपाळाला आठी घालतो, लॅपटॉप उलटासुलटा करून बघतो आणि शेवटी हेच सांगतो. हे काम करायला पदवी लागत नाही. गुरुवारी अक्कलकोटला निघालेल्या गाड्यांची गर्दी बघत रस्त्याकडेला चहा पिणाऱ्या कुणालाही विचारा, त्याचा एक तरी भाचा किंवा पुतण्या विंडोज मारणारा निघतो. माझाही आहे. सोलापुरात इंजिनिअरिंगला आहे आणि सुट्टीला आला की हात शिवशिवत असतात.

लॅपटॉप अण्णांचा. अण्णा म्हणजे माझे वडील. हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले, पण नुसते कागदोपत्री. सातबाऱ्यावरचं नाव चुकलंय, बोअरचं बिल जास्त आलंय, मुलीचा दाखला अडकलाय, असं काहीही असलं की माणूस अण्णांकडे येतो आणि अण्णा अर्ज करून देतात. अलीकडे मात्र अर्जापेक्षा लॅपटॉप सुरू होण्यालाच जास्त वेळ लागायचा. अण्णा बटण दाबून अंघोळीला जायचे, पूजा करायचे, अथर्वशीर्ष म्हणायचे, आणि टेबलाशी येईपर्यंत पडद्यावरचं चक्र अजून फिरतच असायचं. आतून टक्‌ टक्‌ असा आवाज. आईचं म्हणणं, आत पाल आहे.

भाच्याने कान लावला आणि म्हणाला, "मामा, पाल नाही. हार्डडिस्क चाललीय."

त्या डिस्कचा मला मनापासून आदर वाटतो. आत चकचकीत तबकड्या, मिनिटाला 5400 फेरे, म्हणजे सेकंदाला 90. तबकडीची कड ताशी पासष्टेक किलोमीटरच्या वेगाने पळत असते. सोलापूर-अक्कलकोट एसटी चौपदरी रस्त्यावरही, थांबे धरले तर, एवढी सरासरी काढत नाही. आणि या पळत्या तबकडीला न टेकता, काही नॅनोमीटर वरून, वाचणारा काटा तरंगत असतो. मे महिन्यात सोलापूरचा पारा त्रेचाळिसाच्या पुढे जातो, माणसं ओला टॉवेल डोक्यावर टाकून पडून राहतात, तेव्हाही ही बिचारी आत पळतच असते. थकली तर नवल काय?

"एसएसडी टाकू. रॉकेट होतंय," भाचा म्हणाला.

अण्णांना रॉकेट नको होतं. त्यांना आहे तेच हवं होतं, फक्त चालणारं. पण प्रश्न नुसत्या डिस्कचा नव्हता. विंडोज 10 ची मुदत 14 ऑक्टोबर 2025 ला संपली होती, ऐन दिवाळीच्या तोंडावर. अण्णांच्या हे बरोब्बर लक्षात, कारण आधीचं विंडोज 7 संपलं ते 14 जानेवारी 2020 ला, म्हणजे सोलापुरात गड्ड्याची जत्रा भरलेली असताना. "ह्यांना सणवार कळतच नाही," हा त्यांचा तेव्हापासूनचा शेरा. आता विंडोज 11 टाकावं, तर त्याला टीपीएम 2.0 नावाची सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर किमान आठव्या पिढीचा लागतो. आमचा पाचव्या पिढीचा. स्थळ बघायला गेल्यासारखे कागद मागवून घेतले आणि शेवटी 'योग जुळत नाही' म्हणून कळवलं. धडधाकट पडदा, धडधाकट कीबोर्ड, आणि तरीही भंगारात काढा म्हणे. मला विचाराल तर हा शुद्ध आचरटपणा आहे. ज्या गावात वडिलांचा सदरा मुलाला आणि मग पायपुसण्याला जातो, तिथे चालतं यंत्र केवळ पिढी बघून टाकून द्यायचं?

"लिनक्स मिंट टाकू," भाचा म्हणाला. "फुकट असतंय."

फुकट म्हटल्यावर अण्णांचा संशय दुणावला, पण परवानगी मिळाली.

शस्त्रक्रिया सोप्यावर झाली. आईने आधी खाली पेपर घालायला लावला, कारण दहा वर्षांचं काय काय आतून पडेल याचा नेम नाही. भाच्याने मागचे स्क्रू काढले, तरी पत्रा हलेना. मग त्याने रबरी पायांना नख लावलं. त्यांच्याखाली दोन स्क्रू दडवून ठेवले होते. हे असं का करतात, हे मला कुणी सांगावं. पत्रा निघाला तो करकरत. पंख्यावर राखाडी लोकरीचा थर. आईने "अगं बाई" म्हणून पदर नाकाला लावला. डिस्कच्या बाजूंना पत्र्याची चौकट, तिचे चार स्क्रू, आणि एक चपटी नाजूक पट्टी, तिला भाचा फुंकर घातल्यासारखा हात लावत होता. जुनी डिस्क साडेनऊ मिलिमीटर जाड, नवी सात, पण स्क्रूची भोकं तीच. चौकटीत चपखल बसली.

त्याआधी अण्णांनी ती तळहातावर तोलली, कानाशी हलवून बघितली आणि निकाल दिला, "हे रिकामं आहे बे. फसवलं तुला."

"आजोबा, ह्यात फिरणारं काही नसतंय ओ. नुसत्या चिप."

मग त्याने त्यांना 1956 ची गोष्ट सांगितली. आयबीएमची पहिली हार्डडिस्क, रॅमॅक. दोन-दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या, वजन टनावर, आणि मावायची सगळी मिळून पन्नास लाखांच्या आसपास अक्षरं. तीही विकत नाही, भाड्याने मिळायची. पन्नास लाख अक्षरं म्हणजे आपले किती अर्ज, याचा हिशेब अण्णांनी मनातल्या मनात केला आणि "तेवढी पुरे की," म्हणाले.

इन्स्टॉलेशन सुरू झालं आणि पहिलाच प्रश्न आला भाषेचा. यादीत मराठीही होती, कन्नडही. आमची आई माहेरची इंडीची. तिने एरवी लॅपटॉपला कधी बोट लावलेलं नाही, पण त्या दिवशी चष्मा लावून पुढे आली. "कन्नड ठेव." अण्णा म्हणाले, "मराठी." सीमाप्रश्न सोप्यावर येऊन बसला. शेवटी भाच्याने इंग्रजी निवडली. दोघंही सारखेच नाराज झाले, म्हणजे न्याय झाला.

अधेमधे वीज गेली. बॅटरीने केव्हाच मान टाकलेली असल्यामुळे सगळं पुन्हा पहिल्यापासून. आमच्याच तालुक्यात फताटेवाडीला 1320 मेगावॅटचा औष्णिक प्रकल्प उभा आहे. तिथली वीज आधी ग्रीडमध्ये जाते आणि मग कुणाच्या वाट्याला किती हे ठरतं, हे मला माहीत आहे. पण पंखा थांबलेल्या सोप्यात हे शास्त्र कुणाला पटवून दाखवा.

मिंट बसलं. बटण दाबलं की पडदा हजर. अण्णांना ते अजिबात आवडलं नाही, कारण अथर्वशीर्षाला वेळच उरला नाही. त्यांचं मत बदललं ते निराळ्याच कारणाने. जुनी डिस्क भाच्याने एका डबीत घालून यूएसबीला जोडली आणि पडद्यावर तिचं माप आलं : 1 टीबी. अण्णा ताडकन उठले.

"सापडले की रे!"

"काय?"

"एकोणसत्तर जीबी."

लॅपटॉप घेतला तेव्हापासून हा माणूस मनात ती तूट घेऊन बसला होता. खोक्यावर 1 टीबी, म्हणजे हजार जीबी, आणि विंडोज दाखवायचं 931. दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला, असतंय तसं. आयुष्यभर कॅशबुक पैशापर्यंत जुळवलेल्या माणसाला 'असतंय तसं' कसं पचावं? खरं असं की, डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात, विंडोज मोजतं 1024 च्या पटीत, आणि वर खूण मात्र दोघंही जीबीचीच लावतात. मिंट हे डिस्क बनवणाऱ्यांसारखं हजारानेच मोजतं. म्हणजे मापात पाप कुणाचंच नाही. भाचा हे समजावून सांगत होता, पण अण्णा ऐकत नव्हते. "हे मोजायला प्रामाणिक आहे," ते म्हणाले. लिनक्सचा असा प्रचार त्याच्या कुठल्याही भक्ताला साधला नसता.

आता फायली. विंडोज मारणाऱ्यांच्या पंथात एक श्रद्धा आहे : सी ड्राइव्ह उडतो, डी तरतो. त्यामुळे अण्णांचं सगळं डीमध्ये. सगळं सुखरूप निघालं. भाच्याने पहिला अर्ज उघडला आणि सोप्यात शांतता पसरली.

कागदाच्या डोक्यावर इंग्रजीत व्ही, टी, मोठा झेड. खाली मजकूर असाच, जणू मांजर कीबोर्डावरून पळत गेलंय. आणि उजव्या कोपऱ्यात, मुक्काम पोस्टच्या जागी : ओ, मोठा जी, एल, ए, एक्स. ओग्लॅक्स.

"हे कुठलं गाव?" मी विचारलं.

"पित्ताची गोळी आहे," आई म्हणाली.

अण्णांनी चष्मा सारखा केला, बोटं हवेत कीबोर्डावर फिरवली आणि शांतपणे वाचून दाखवलं, "वळसंग."

झालं होतं असं, की अण्णा कृतीदेवातले. सोलापूरच्या टायपिंग क्लासात रेमिंग्टनच्या कळांवर हात बसलेला, आणि कृतीदेवात कळा त्याच. पण कृतीदेव फायलीत मराठी साठवतच नाही. साठवतं इंग्रजी अक्षरं, आणि दाखवताना ओच्या जागी व, मोठ्या जीच्या जागी ळ असं चित्र काढतं. चित्रं काढणारा फाँट असतो सी ड्राइव्हवर, विंडोजच्या पोटात. म्हणजे डी तरला, पण त्याला वाचणारा सीबरोबर गेला. देवनागरी 1991 च्या पहिल्या युनिकोडातच आली होती. तरीही महाराष्ट्रातल्या अर्ध्या कचेऱ्या आणि पत्रिका छापणारे सगळे पुढे वर्षानुवर्षं या चित्रांवर जगले. आमच्या चुलतभावाची लग्नपत्रिका त्याच फोल्डरमध्ये होती. उघडली, तर 'नमः'च्या जागी यू, ई आणि टक्क्याची खूण. गणपतीपुढे किती टक्के, ते लिहायचं राहून गेलं होतं.

भाचा म्हणाला, "आजोबा, आता युनिकोड शिका. इनस्क्रिप्ट सोपं असतंय."

अण्णांनी त्याच्याकडे असं बघितलं, की मीच मधे पडून विचारलं, जुन्या डिस्कवर तो फाँट मिळतो का बघ. मिळाला. टक्‌ टक्‌ करत त्या म्हातारीने तो काढून दिला. भाच्याने मिंटमध्ये बसवला, लिब्रेऑफिस बंद करून पुन्हा उघडलं, आणि व्हीटीझेडचा अर्ज झाला, ओग्लॅक्सचं वळसंग झालं. अण्णांची बोटंही तशीच चालू लागली, कारण मशीनच्या लेखी ते पूर्वीपासून इंग्रजीच टाइप करत आले होते.

एकच तक्रार राहिली. ओळी किंचित सरकल्या आणि 'आपला विश्वासू' एकटाच दुसऱ्या पानावर गेला. अण्णा म्हणाले, असा अर्ज साहेब वाचतसुद्धा नाही. भाच्याने समास कमी केला, विश्वासू परत पहिल्या पानावर आला, आणि मग कुठे अण्णांनी त्याला बाजारातून पेढे आणायला पैसे दिले.

हे गावात पसरायला वेळ लागला नाही. संध्याकाळी पलीकडच्या गल्लीतला एक पोरगा काखेत लॅपटॉप मारून दारात उभा.

"अण्णा, तुमच्याकडं विंडोज मारून मिळतंय म्हणं?"

"मिळतंय की," अण्णा पडद्यावरची नजर न काढता म्हणाले. "रीतसर अर्ज कर. दोन प्रतीत. कृतीदेवात."