त्याला त्यातलं कळतं

छत्रपती संभाजीनगरात गुलमंडी, औरंगपुरा, राजाबाजार इथल्या जुन्या घरांत हा माणूस हमखास सापडतो. नात्यानं तो कुणाचा भाचा, कुणाचा पुतण्या, कुणाचा धाकटा जावई. शिक्षण मेकॅनिकलचं, नोकरी वाळूजला. कंप्युटरशी त्याचा संबंध एवढाच की फार वर्षांपूर्वी मावशीचा रुसलेला प्रिंटर त्यानं बंद करून परत चालू केला आणि आतून कागद बाहेर आला. ‘त्याला त्यातलं कळतं’ हा शेरा त्या दिवशी त्याच्या नावाला चिकटला तो चिकटलाच.

मग फोन येतो. “अरे, मामांना एक कंप्युटर घ्यायचाय. भारीतला नको. पण चांगला पाहिजे.”

वरवर तो कुरकुरतो, पण आतून खूश असतो. वाळूजच्या कंपनीत त्याचं मत कुणी विचारत नाही. इथे अख्खं मातुल घराणं त्याच्या तोंडाकडे बघत असतं. त्या रात्री जेवण झाल्यावर तो एक तक्ता करायला घेतो. प्रोसेसर, जनरेशन, रॅम, स्टोरेज, वॉरंटी. त्या तक्त्यातला मामांना कळणारा रकाना एकच, किमतीचा. बजेट ठरलेलं असतं वीस हजार. पण ‘आणखी तीन टाकले तर रॅम दुप्पट’, ‘आणखी पाच टाकले तर नवाच येतो’ असं करत करत तो मध्यरात्रीपर्यंत पंचावन्न हजारांवर चढतो आणि त्यात ग्राफिक्स कार्डही बसवतो. मामा आयुष्यात कंप्युटरवर एकच खेळ खेळले, तो पत्त्यांचा. तोही एमएस-सीआयटीच्या वर्गात, सर बाहेर गेल्यावर.

ती एमएस-सीआयटीही हौसेनं केलेली नव्हती. एमकेसीएलचा हा कंप्युटर-साक्षरतेचा कोर्स २००१ मध्ये सुरू झाला आणि पुढे सरकारी कर्मचाऱ्यांना तो पास होणं भाग पडलं. वेतनवाढ अडेल या धास्तीनं पन्नाशीतली अनेक मंडळी पहिल्यांदा माउसला हात लावती झाली. मामा जिल्हा परिषदेतले. त्यांचं प्रमाणपत्र लॅमिनेशन करून भिंतीवर टांगलेलं आहे, मुलाच्या डिग्रीच्या वर.

स्वस्त कंप्युटरचा इतिहास मात्र या भाच्याला तोंडपाठ. कुणी न विचारता तो सुरू होतो. ५ ऑक्टोबर २०११ ला तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकासमंत्री कपिल सिब्बल यांनी ‘आकाश’ टॅबलेट आणला. सरकारला तो सव्वादोन हजारांच्या आसपास पडला. पडदा सात इंची आणि असा की बोट टेकवून भागत नसे, दाबावं लागे. मग २०२३ चा ‘जिओबुक’ लॅपटॉप: १६,४९९ रुपये, वजन किलोपेक्षा कमी, रॅम चार जीबी, पडदा ११.६ इंची. “मामा, एवढ्याशा पडद्यावर तुम्हाला दिसेल का?” असं तो विचारतो. प्रश्न बरोबर आहे. फक्त ज्या फोनवर तो हे सगळं दाखवत असतो त्याचा पडदा त्याहून लहान असतो आणि मामा नुसती मान हलवत असतात.

रविवारी मोहीम निघते. निम्मा वेळ गाडी लावायला जागा शोधण्यात जातो, कारण सुपारी मारुतीच्या आसपास रविवारी स्कूटर लावायला मिळणं हेच मोठं भाग्य. मामांची बाजाराची सगळी तालीम गुलमंडीच्या कापड दुकानांतली. त्यामुळे जुन्या कंप्युटरच्या दुकानातही ते साडीच्या दुकानात बसावं तसे ऐसपैस बसतात आणि म्हणतात, “दाखवा. अजून दाखवा.”

“हे बघा काका, आय-फाइव्ह. कंपनीतला माल, लीजवरून सुटलेला. मस्त चालतो.”

इथे मात्र भाच्याचं खरंच चीज होतं. तो डबा फिरवतो, फुंकर मारून स्टिकर वाचतो: आय-फाइव्ह, ६५००.

“हा सहाव्या जनरेशनचा आहे, दादा.”

“हौ, पण आय-फाइव्हच आहे ना?”

आय-फाइव्ह ही पाटी २००९ पासून बाजारात आहे. तेव्हाचाही आय-फाइव्ह आणि आत्ताचाही. खरी गोम पुढच्या आकड्यात असते. ६५०० म्हणजे सहावी पिढी, ८५०० म्हणजे आठवी. इंटेलच्या चिपांपैकी विंडोज ११ अधिकृतपणे, मोजके अपवाद सोडता, आठव्या पिढीपासून पुढेच चालतं, आणि विंडोज १० ला नेहमीचे सुरक्षा अपडेट देणं मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवलं. म्हणजे आज घासाघीस करून घेतलेला ‘स्वस्तातला आय-फाइव्ह’ बँकेचा पासवर्ड टाकायला धोक्याचा. भाचा हे सगळं एका दमात सांगतो. दुकानदार चहा मागवतो.

तेवढ्यात मामा सकाळपासूनचा पहिला प्रश्न विचारतात.

“याच्यात टाइपरायटरचा मराठी कीबोर्ड बसतो का?”

शांतता.

“कामून बरं, मामा?”

“कुलवृत्तांत टाइप करायचाय. हाताने लिहून झालाय सगळा.”

मामांनी तरुणपणी ‘मराठी ३०’ची सरकारी परीक्षा दिलेली. पुढे सगळी नोकरी टाइपरायटरवर गेली. गोदरेजनं १९५५ मध्ये भारतातला पहिला टाइपरायटर काढला आणि २००९ मध्ये उत्पादन बंद केलं; मामांच्या बोटांना मात्र ती बातमी अजून पोचलेली नाही. विंडोजमध्ये मराठीसाठी तयार मिळतात इन्स्क्रिप्ट आणि फोनेटिक. १९९१ मध्ये प्रमाण ठरलेल्या इन्स्क्रिप्टमध्ये स्वर डाव्या हाताला आणि व्यंजनं उजव्या. मांडणी शास्त्रशुद्ध आहे, पण ज्याची बोटं चाळीस वर्षं टाइपरायटरच्या रेमिंग्टन मांडणीवर फिरली त्याला ती परक्या घरात अंधारात चाचपडायला लावते. रेमिंग्टनची मांडणी वेगळी घालून घ्यावी लागते, आणि ती युनिकोडमध्ये टाइप करणारी हवी. नाहीतर मामा इथे ‘मूळ पुरुष’ लिहितील आणि पुण्याच्या नातीला तिथे भलत्याच इंग्रजी अक्षरांची रांग दिसेल.

भाच्याच्या तक्त्यात कीबोर्डचा रकानाच नव्हता. बँक, सातबारा, नातीचं तोंड बघणं ही सगळी कामं मामा फोनवर करतातच. फोनवर न होणारं काम हे एकच, आणि ते सोडून बाकी सगळ्याची तुलना करून झालेली होती.

पुढचं फार झटपट होतं. आठव्या पिढीचा जुना डेस्कटॉप, त्यात एसएसडी (हार्ड डिस्कवालं मशीन चालू होईपर्यंत मामांचा चहा संपतो), बावीस इंची मॉनिटर, अक्षरं दीडपट. कीबोर्ड मामा स्वतः निवडतात: दुकानातले सगळे एकेक बडवून, सर्वात जास्त आवाज करणारा. ग्राफिक्स कार्डाचा विषय कुणीच काढत नाही. हिशेब वीस हजारांच्या आत बसतो, वर मामा माउसपॅड फुकट काढतात.

घरी आल्यावर तो सगळ्या वायरी जोडून देतो आणि तीन दिवस फोन उचलत नाही. चौथ्या दिवशी “अक्षरं गेली” म्हणून पुन्हा येतो, तर मराठीची जागा इंग्रजीनं घेतलेली असते. विंडोज आणि स्पेसबार एकत्र दाबायला शिकवून, पोहे खाऊन तो परततो.

असा कुणी तुमच्या घरात असेल तर त्याला वर्षभर केव्हाही पकडा, फक्त नोव्हेंबरात नको. तेव्हा सगळे निवृत्त नातेवाईक हयातीच्या दाखल्यासाठी त्याच्या मागे असतात, आणि “त्या दाखल्याला कंप्युटर लागतच नाही” हे तो प्रत्येकाला नव्यानं सांगत असतो. नोव्हेंबर २०२१ पासून तो दाखला चेहरा दाखवून साध्या अँड्रॉइड फोनवर होतो.