एका बाहीचे स्वेटर

मध्य प्रदेशातल्या बोरगावच्या औद्योगिक वसाहतीत रेमंडची गिरणी १९९१ पासून लोकरीचं सूटिंग विणते आहे. तिथं आत गेलेला धागा कापड होऊनच बाहेर पडतो. फाटकाबाहेर, सौंसरपर्यंतच्या घरांत, धोरण जरा वेगळं: सुरुवात भरपूर, शेवट ऐच्छिक.

कुठल्याही काकूंची पिशवी उघडा. नातवाच्या स्वेटरची पाठ तयार, गळा बाकी. नातू आता दहावीला. जावयाच्या स्वेटरला एक बाही आहे. दुसरीही हुबेहूब तशीच विणायची, म्हणजे नवलाई संपली. शिवाय कमी पडलेली लोकर आणायला जावं तर रंग तोच, लॉट वेगळा. आणि दोन बाह्यांतला फरक विहीणबाईंना अंगणातूनच दिसतो. त्यापेक्षा नवा नमुना बरा! त्याला सुया हव्यात, पण बॉर्डरच्या दहा नंबरच्या एका मफलरात अडकलेल्या, अंगाच्या आठ नंबरच्या टोपड्यात. म्हणून नव्या जोड्या. (घरातले पुरुष या खर्चावर बोलतात, त्यांची गच्चीवरची खोली स्लॅबविना उभी आहे.)

सरकारनंही २०२३ मध्ये छिंदवाड्याच्या विणीतून पांढुर्णा-सौंसरचे टाके उचलून नव्या जिल्ह्याच्या सुईवर चढवले. पण सरकारला कुणी ‘आधीचं पुरं कर’ म्हणत नाही.

संक्रांत सरली की ऊन तापतं, पिशवी कपाटावर जाते. दिवाळीनंतर काकू पुन्हा बाजारात. यंदा म्हणे जांभळ्या रंगाची फॅशन आहे.